फाटका मांडा

मुकुंदवाडीतल्या त्या घरात सगळ्यात जास्त कोण चालत असेल, तर आशाबाई. ओट्यापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीतून देव्हाऱ्यापर्यंत, तिथून पुन्हा ओट्याकडे. बसली की उठायची, उठली की कशाला उठलो ते विसरायची आणि विसरलेलं कुणाला कळू नये म्हणून धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घ्यायची. जिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं धुतलेलं पातेलं पुन्हा धुणं म्हणजे गुन्हाच. पण तिला बोलणार कोण? नवरा बन्सी वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून पेपरामागे तोंड लपवून होता.

मध्येच तिच्या छातीतून जाळ उठायचा. मानेवरून कानापर्यंत चढायचा, कपाळावर घाम फुटायचा आणि ती फ्रिजचं दार उघडून त्यात डोकं घालून उभी राहायची.

"आगं, लाव ते दार. बर्फ वितळायलाय," बन्सी म्हणायचा.

"मी वितळायले त्याचं काय?" ती आतूनच ओरडायची.

या सगळ्याचं मूळ होतं मसुराएवढी एक पिवळी गोळी.

आशाबाई मूळची अजिंठ्याच्या घाटाखालची. तिकडच्या बायका खापरावर मांडे करतात. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं, त्याच्या तापल्या पाठीवर मांडा भाजायचा. कणीक पाणी लावून लावून तार सुटेस्तोवर मळायची, पुरण भरायचं, जरासं लाटायचं आणि मग लाटणं बाजूला टाकून तो उंडा या हातावरून त्या हातावर झेलत, कोपरापर्यंत पसरवत न्यायचा. पातळ झाला की एका झटक्यात खापरावर. लग्न होऊन ती फुलंब्रीला आली आणि पुढे शहरात आली, ती हे हात घेऊनच आली. कुणाकडे लग्न असो, बारसं असो, मांड्यांचं जेवण म्हटलं की आशाबाईला बोलावणं ठरलेलं. पैसे घ्यायची नाही. खण, नारळ आणि पंगतीतलं पहिलं ताट, एवढाच तिचा मान. मात्र हा मान ती कडक वसूल करायची. भाजी आधी वाढली आणि मांडा नंतर आला, तर तिचं तोंड फुगलंच म्हणून समजा.

आणि तिची जीभ! हातावर मांडा झेलणारी बाई जिभेवर शब्द झेलायची नाही, सरळ फेकायची. तिची सून तनुजा म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची मुलगी. लग्नानंतर पहिल्याच सणाला तनुजानं हौसेनं उंडा हातावर घेतला आणि तो मधोमध फाटला. भरल्या पंगतीसमोर आशाबाई म्हणाली, "हे कुत्र्याला घाल." तनुजा हसली, म्हणजे हसल्यासारखं केलं, आणि त्या दिवसापासून तिनं खापराला हात लावला नाही. आशाबाईला वाटायचं, पोरीला आवडच नाही.

तर या आशाबाईच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. सरकारी कॅन्सर रुग्णालयात ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले, शेक म्हणजे रेडिएशन झालं, केस परत आले. या सगळ्यात ती रडली एकदाच, ते केसांसाठी. पहिल्याच दिवशी तिनं महालक्ष्मीला बोलून ठेवलं होतं, "बरी होईस्तोवर शुक्रवार धरीन, बरी झाले की उद्यापन करीन, सवाष्णींना मांडे घालीन." शेक संपले आणि गेल्या श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी तिनं बोलल्याप्रमाणे उद्यापन केलं. सवाष्णी जेवल्या, ओटी भरली, आरती झाली. त्या दिवशी आशाबाईनं मनातल्या मनात आजाराची फाईल बंद करून माळ्यावर टाकली.

पण दवाखान्याची फाईल उघडीच होती. डॉक्टर मृण्मयी वयानं तनुजाएवढी, बोलायला गोड, पण मुद्द्याला पक्की. शेक संपता संपता तिनं ही पिवळी गोळी लिहून दिली होती.

"मावशी, तुमची गाठ बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसलेली होती. ही गोळी ते हार्मोन बनूच देत नाही. रोज एक, पाच वर्षं."

"पण माय, मपली पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाली. आता कुठलं आलं ते?"

"अंडाशयाचं काम थांबलं. पण अंगातली चरबी, स्नायू थोडं थोडं बनवतच राहतात. गाठीचा एखादा कण कुठं राहिला असेल, तर त्याला तेवढंही पुरतं."

आशाबाईनं मान हलवली. अशी मान ती दोनच ठिकाणी हलवायची, दवाखान्यात आणि कीर्तनात, आणि दोन्हीकडचं बाहेर पडताना चपलांपाशी ठेवून यायची. तरी गोळी तिनं सुरू केली. घरातली सगळी माणसं डोळे लावून बसल्यावर करते काय?

दिवाळी गेली तसा जाळ वाढला आणि पाठोपाठ बोटं आखडायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ उघडायची म्हणजे गंजलेल्या कुलपाशी झटापट. बोटं कोमट पाण्यात बुडवायची, एक एक सरळ करायचं, तेव्हा कुठं चहाचा कप हातात धरवायचा. गुडघे कुरकुरायचे. बसलं की आखडायचं म्हणून उभं राहायचं, उभं राहिलं की दुखायचं म्हणून चालायचं. शेजारच्या सरोजिनीताई तिला गॅलरीतून बघायच्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पूजाअर्चेच्या कडक. "आशाबाई, जरा टेका हो," म्हणायच्या. टेकली असती तर ती आशाबाई कसली?

माघात करमाडला बन्सीच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. आशाबाई खापर घेऊन आदल्या दिवशीच हजर. मांडवामागं चूल पेटली, बायका भोवती जमल्या, कारण तिचं मांडे करणं बघायलाही गर्दी व्हायची. पहिला उंडा तिनं उचलला, झेलला, मनगटापर्यंत आणला, आणि बोटांनी दगा दिला. ती वेळेवर वळलीच नाहीत. मांडा हातावरच फाटला आणि पुरण पदरावर सांडलं.

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर तिनं चार शब्द सुनावून मन मोकळं केलं असतं. यजमानीणबाई हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही बसा बरं. आम्ही पोळ्या लाटतो." आणि तिला खुर्ची आणून दिली. आशाबाई त्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर पाहुण्यासारखी बसली. जन्मात इतकं अपमानाचं आसन तिला कुणी दिलं नव्हतं. पहिलं ताट त्यांनी तिलाच वाढलं. तिला घास उतरला नाही.

घरी आल्यावर ती कुणाशी धड बोलेना. अशात एक दिवस सरोजिनीताई कुणा भाचीबद्दल सांगत बसल्या. उद्यापन करूनही भाची सोमवार सोडत नाही, म्हणून त्या चिडल्या होत्या. "अहो, एकदा उद्यापन केलं की संपलं. पुढं उगाच ओढत राहायचं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं झालं."

सरोजिनीताई बोलल्या भाचीच्या उपासाबद्दल. पण आशाबाईच्या डोक्यात उजेड पडला. आपलंही उद्यापन झालंय की! सवाष्णी जेवल्या, देवीनं बरं केलं, आणि आपण रोज सकाळी गोळी गिळून तिला म्हणतोय, बाई, तुझ्यावर भरवसा नाही. मग ती बोटं आखडणार नाही तर काय करणार? आता याला भाबडेपणा म्हणा नाहीतर लबाडी म्हणा. गोळी नकोच होती, फक्त सोडायला देवीची परवानगी हवी होती. ती अशी शेजारच्या गॅलरीतून मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून तनुजानं गोळी हातावर ठेवली की आशाबाई ती गालात धरायची, वर पाणी प्यायची आणि देव्हाऱ्यापुढं हात जोडायला गेली की काढून हळदीच्या जुन्या पितळी डबीत टाकायची. फेकायला जीव होईना. औषध झालं तरी ते अन्नासारखंच, कचऱ्यात कसं टाकायचं? आणि देवीच्या डबीत टाकलं म्हणजे देवीलाच परत केल्यासारखं.

हात हळूहळू सुटले. फ्रिजपुढं उभं राहणं थांबलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिनं गच्चीवर चूल मांडली आणि मांडे केले ते असे की पलीकडून चांदणं दिसावं. मुलगा विश्वजीत शेंद्र्याच्या कंपनीतून मित्रांना घेऊन आला. बन्सीनं शेवटचा मांडा दुधात बुडवून खाल्ला आणि म्हणाला, "आली बया पहिल्यावानी!" आशाबाई त्या दिवशी घामानं निथळत होती, पण तो चुलीचा घाम होता, अंगातला नाही. तिला वाटलं, जिंकलो.

आनंद आठ-दहा दिवस टिकला. मग पाठीत एक चमक उठली. तशी चमक कुणालाही येते, हंडा उचलला तरी येते. पण चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, आलं परत. आंघोळीला गेली की उरलेली बाजू चाचपायची, काख चाचपायची, गळा चाचपायची. एकदा मानेवर बारीक पुळी लागली तर दिवसभर भाकरी गिळवेना. कुणाला सांगायचं? सांगितलं की गोळीचं निघणार. तपासणीच्या दिवशी डॉक्टर मृण्मयीनं विचारलं, "गोळी घेताय ना रोज?" तर ही म्हणाली, "व्हय तर." आणि बाहेर येऊन पायरीवर बसली ती उठेचना. बन्सी रिक्षा थांबवून ओरडत राहिला.

आधी अंग बसू देत नव्हतं, आता मन बसू देईना. घरातल्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. आधी ती पातेली धुवायची, आता तीच तीच चादर घडी घालायची, मोडायची. देव्हाऱ्यापुढं गेली की डबीकडे बघायची नाही. डबी जड होत चालली होती.

वर्ष फिरून श्रावण आला. तनुजा देव घासायला बसली. पितळी समया, ताम्हण, घंटा असं एक एक घासत तिनं हळदीची डबी उचलली, तर आत खुळखुळलं. झाकण उघडलं आणि ती बघतच राहिली.

"आत्या, हे काय हाय?"

आशाबाई ओट्यापाशी होती. "हळद."

"हळद अशी गोल गोल असती व्हय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. आशाबाईनं पदर खोचला. चूक सापडली की आधी आवाज चढवायचा, ही तिची जुनीच खोड. "उद्यापन झालंय मपलं! देवीनं बरं केलंय मला. पुन्हा तेच धरलं तर तिला वाटंल हिचा भरवसाच नाय."

"उद्यापन शुक्रवारचं झालं, आत्या. दुखण्याचं झालं असं कोण म्हणलं तुम्हाला?"

"तुला काय कळायचं? हे हात बघितले का? करमाडात चारचौघींत मांडा फाटला मपला. खुर्चीत बसवलं मला, खुर्चीत! मांडा फाटल्यावर कसं वाटतं, तुला काय ठावं?"

तनुजा डबी हातात घेऊन उठली. "मला नाय ठावं? मपला मांडा फाटला तवा तुम्ही भरल्या पंगतीत म्हणलात, कुत्र्याला घाल. मी अजून खापराला शिवले नाय. अन् मला म्हणता, तुला काय ठावं?"

आशाबाईनं आठवून बघितलं. तिला ते वाक्य आठवतही नव्हतं. फेकणाऱ्याला दगड आठवत नाही.

तनुजा खाली बसली आणि रडायला लागली, हातातल्या राखेसकट डोळे पुसत. "तुमच्यात अन् माझ्यात एकच रक्त हाय, आत्या. उद्या मला झालं तर मी कुणाकडं बघून गोळी खायची? तुम्ही मेलात तर मला सासूचं नाय, आत्याचं सुतक लागंल. एवढं तरी बघा की."

बन्सीनं पेपर खाली ठेवला. बायकोला तो उभ्या आयुष्यात रागावला नव्हता. आताही रागावला नाही. फक्त म्हणाला, "चप्पल घाल. दवाखान्यात जायचं."

आशाबाईनं स्वतःच डॉक्टरणीपुढं डबी उघडून ठेवली आणि बोटांचं, पाठीचं सगळं सांगितलं. मृण्मयी ओरडेल, निदान कपाळाला हात लावेल, अशी तिची तयारी होती. पण डबीकडे बघून त्या पोरीचा चेहरा पडला. म्हणाली, "मावशी, बोटं दुखतात हे मला सांगितलं का नाही?" आशाबाईला वाटलं, यापेक्षा दोन मुस्कटात दिल्या असत्या तर बरं.

पाठीसाठी स्कॅन झाला, रक्त झालं. रिपोर्ट यायला काही दिवस होते. ते दिवस कसे गेले ते घरालाच विचारावं. आशाबाईनं माळा आवरला, माळा विस्कटला. तांदूळ निवडले, निवडलेले पुन्हा निवडले. नळाला पाणी आलं त्या दिवशी तिनं ड्रम भरून वाहायला लागला तरी नळ बंद केला नाही, बघत उभी राहिली. तनुजानं येऊन तोटी फिरवली आणि तिचा हात धरून आत नेलं. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण तनुजानं हात लगेच सोडला नाही.

रिपोर्ट घेऊन मृण्मयी म्हणाली, "आजार परत आलेला दिसत नाही. हाडं मात्र ठिसूळ झालीत, पाठ त्यानंच दुखतेय. त्याचं औषध देते."

बन्सीनं हात जोडले. आशाबाईच्या डोळ्यांना धार लागली. "म्हंजी गोळीबिगर बी काय झालं नाय?" ती रडता रडता म्हणाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

"आज काही दिसत नाही, एवढंच मी सांगू शकते. उद्याचं मला माहीत नाही. गोळी उद्यासाठी असते."

बन्सी इतका वेळ ऐकत होता. तो फुलंब्रीचा, आल्याच्या शेतात वाढलेला. बायकोकडे वळून म्हणाला, "हराळी हाय ती, आशे. आपण नांगरून काढली, वेचून बांधावर टाकली. पण एखादी मुळी ढेकळाखाली ऱ्हाती का नाय? पाणी मिळालं की फुटती. ही गोळी म्हंजी पाण्याची तोटी बंद. तू ती मधीच उघडून बसली."

आशाबाईनं आयुष्यात कमी हराळी वेचली नव्हती. हराळीचं उद्यापन नसतं, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती.

"अन् हात?" तिनं विचारलं. "हात व्हतील का पहिल्यासारखे?"

मृण्मयीनं खोटं सांगितलं नाही. तेच काम करणारी दुसऱ्या नावाची गोळी देऊन बघू, काहींना ती सोसते, म्हणाली. रोज चालायचं, कोमट पाण्यात बोटांचा व्यायाम करायचा, दुखलं तर येऊन सांगायचं. "कमी होईल असं वाटतं. पूर्वीसारखे होतील की नाही, नाही सांगता येत."

घरी येताना रिक्षात आशाबाई दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती. जालना रोडवर सिग्नल लागला, सुटला, पुन्हा लागला. ती हातांकडे बघत राहिली.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. नवी गोळी पांढरी होती. जाळ जरा कमी होता, पण बोटं पुन्हा आखडायला लागली होती. मुखवटे बसले, सोळा भाज्या चिरून झाल्या, आणि गच्चीवर चूल पेटली. सरोजिनीताई आल्या होत्या, करमाडची ती यजमानीणबाईही आली होती. आशाबाईनं बोटं कोमट पाण्यातून काढली, पुसली आणि पहिला उंडा हातावर घेतला. पहिला मांडा देवीचा.

मनगटापर्यंत तो नीट आला. कोपराकडे जाताना उजव्या हाताची दोन बोटं अडकली, आणि मांडा बोटभर फाटला. पुरण डोकावलं. कुणाची तरी नजर खुर्ची शोधायला लागली.

आशाबाईनं तो फाटका मांडा तसाच खापरावर टाकला, भाजला, घडी घातली. मग पाट सरकवून म्हणाली, "तनू, ये. दुसरा तू घे."

"मला येत नाय, आत्या."

"मलाबी कुठं येतंय? बस इथं."

तनुजा बसली. तिचा पहिला फाटला. आशाबाई म्हणाली, "भाज." दुसराही फाटला. "भाज." तिसरा मात्र कसाबसा, जाड कडांचा, पण अख्खा उतरला. तनुजानं तो उचलून घाईघाईनं नैवेद्याच्या ताटात ठेवला आणि आशाबाईचा फाटका मांडा बाजूला काढायला हात घातला. फाटकं देवीला चालत नाही, हे तिला आशाबाईनंच तर शिकवलं होतं.

आशाबाईनं तिचं मनगट धरलं. बोटं नीट वळत नव्हती, पण पकड घट्ट होती.

"तो राहू दे," ती म्हणाली. "तुझा अख्खा आपण खाऊ. तिला मपला फाटका दे. कामून फाटला ते कळू दे तिला. व्रत चालू हाय म्हणून फाटला."

ताट महालक्ष्म्यांपुढं गेलं. आरती झाली, पंगत बसली, पहिलं ताट आशाबाईला आलं. जेवण झाल्यावर तिनं तनुजापुढं हात पसरला.

"आण ती गोळी," ती म्हणाली. "अन् उलीसं पाणी."